ग्राम्यता, अश्लीलता आणि अवमान : दूरचित्रवाणीवरील मराठी विनोदाची भाषा

१

मराठी विनोदाची समीक्षा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत मुख्यतः ग्रंथनिविष्ट विनोदाच्या आधारे विकसित झाली. कोटी, अतिशयोक्ती, विसंगती, उपहास, विडंबन ही तिची परिचित परिमाणे होत. ती लिखित संहितेतून सिद्ध झाली असल्यामुळे उच्चारित विनोदापुढे अपुरी पडतात. दूरचित्रवाणीवरील विनोद हा उच्चारित असतो. तो एका विशिष्ट देहाच्या, आवाजाच्या आणि बोलीच्या आश्रयाने घडतो आणि एकाच वेळी परस्परांना अपरिचित अशा असंख्य श्रोत्यांपर्यंत जातो. या विनोदातील आक्षेपार्ह भाषेचा प्रश्न आजवर सभ्यतेचा प्रश्न म्हणून वृत्तपत्रांतून आणि कायद्याचा प्रश्न म्हणून न्यायालयांतून चर्चिला गेला. साहित्यशास्त्राने त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

'आक्षेपार्ह' हे विशेषण वरवर एकजिनसी दिसते. त्याच्या पोटात किमान तीन भिन्न कल्पना आहेत. शब्द खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांच्या तोंडचा आहे म्हणून खटकतो, ती ग्राम्यता. शब्द लज्जा, किळस वा अमंगल यांची जाणीव जागवतो म्हणून खटकतो, ती अश्लीलता. शब्द कुणा व्यक्तीला वा समूहाला त्याच्या जन्मावरून, देहावरून वा स्थानावरून कमी लेखतो म्हणून खटकतो, तो अवमान. गेल्या अर्धशतकात दूरचित्रवाणीवरील विनोदाकडे पाहण्याची मराठी दृष्टी पहिल्या दोन कल्पनांकडून तिसरीकडे सरकली, हे सर्वसाधारणपणे मान्य होण्याजोगे विधान आहे. मात्र हे स्थित्यंतर अर्धवट राहिले आहे. अवमानाचा विचार स्वीकारताना या माध्यमाने ग्राम्यतेची जुनी उतरंड मोडली नाही. तिला केवळ विनोदाच्या दालनात हलवले. नागपूर-वर्धा परिसरातील बोलीचा या माध्यमात झालेला प्रवेश पाहिला, म्हणजे ही अपूर्णता स्पष्ट होते.

२

संस्कृत काव्यशास्त्राने ग्राम्य आणि अश्लील यांची गणना दोषांत केली, परंतु दोन्ही वेगळे राखले, ही बाब सूचक आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त अश्लीलाचे तीन प्रकार येतात : व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल यांची व्यंजना करणारे. त्याने दिलेली उदाहरणे 'साधन', 'वायु', 'विनाश' अशा साध्या शब्दांची आहेत. हे शब्द वाच्यार्थाने निर्दोष आहेत. दोष उद्भवतो तो व्यंजनेने, म्हणजे श्रोत्याच्या मनात दुसरा अर्थ जागा झाल्यामुळे. दूरचित्रवाणीवर अपशब्द झाकण्यासाठी वाजवला जाणारा 'बीप' हा ध्वनी याच तत्त्वाचे आधुनिक प्रात्यक्षिक होय. तो शब्द पुसतो आणि त्याच क्षणी त्या शब्दाकडे बोट दाखवतो. प्रेक्षक हसतो तो बहुधा शब्दाला हसत नाही. आपण तो ओळखला याला हसतो. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांपुढे परिनिरीक्षणाची कात्री बोथट ठरली, तीही याचमुळे. कापायला हाती लागणारा शब्द निष्पाप होता आणि दोषी अर्थ प्रेक्षकगृहात होता.

ग्राम्याची गोष्ट निराळी आहे. मम्मटाने ग्राम्य पदाचे उदाहरण म्हणून दिलेला शब्द 'कटि' हा आहे. त्यात लज्जास्पद असे काही नाही. तो विदग्धांच्या काव्यव्यवहारातला नसून सामान्य जनांच्या बोलण्यातला आहे, एवढाच त्याचा अपराध. म्हणजे ग्राम्यता हा शब्दाचा गुणधर्म नसून शब्द बोलणाऱ्याच्या सामाजिक पायरीची ती नोंद आहे. यापुढे मम्मट जे सांगतो ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. काही ठिकाणी हाच दोष गुण ठरतो. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'तील विदूषक भात, म्हशीचे दही अशा रोजच्या अन्नाच्या उपमा वापरतो. ते शब्द ग्राम्य असूनही विदूषकाच्या मुखी शोभतात, कारण त्यांनी हास्याची निष्पत्ती होते.

या अपवादाचा अन्वय नीट लावला पाहिजे. ग्राम्य भाषेला साहित्यात प्रवेश मिळतो, पण विदूषकाच्या परवान्यावर. ती राजाच्या तोंडी आली तर दोष आणि विदूषकाच्या तोंडी आली तर गुण. भाषेची प्रतिष्ठा वाढत नाही. तिला उपयुक्तता मिळते. नाट्यशास्त्रातील हास्याच्या भेदांतही हीच उतरंड आहे. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी, विहसित आणि उपहसित मध्यमांसाठी, अपहसित आणि अतिहसित अधमांसाठी. कोण कोणत्या भाषेत बोलणार याबरोबरच कोण किती मोठ्याने हसणार, हेही जन्माने व पदाने ठरवून दिलेले आहे. मराठी दूरचित्रवाणीने हे ग्रंथ वाचून आपली रीत ठरवली, असे कुणी म्हणणार नाही. तथापि ज्या अभिरुचीच्या वारशातून हे ग्रंथ निपजले, तिचा हा परवाना आजही चालू नाणे म्हणून वापरात आहे.

३

मराठी संस्कृतीच्या भाषिक इतिहासात १९७२ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले, परिनिरीक्षण मंडळाशी त्याचा संघर्ष झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. साहित्य आणि रंगभूमी ज्या वर्षी शिष्ट भाषेची तटबंदी फोडत होती, त्याच वर्षी शासनाच्या आश्रयाने एक नवे माध्यम त्या तटबंदीच्या आत जन्माला आले.

या दोन प्रवाहांतील अंतर पुढे दोन दशके टिकून राहिले. 'गोलपिठा'तील शिवी ही वंचिताने व्यवस्थेकडे परत फेकलेली वस्तू होती. तिथे ग्राम्यता आणि अश्लीलता हे दोन्ही जुने दोष हेतुपुरस्सर स्वीकारले गेले आणि अवमान कुणी कुणाचा केला, हा प्रश्न पुढे आणला गेला. दूरदर्शनवरील विनोद मात्र दिवाणखान्याला साजेल असाच राहिला. 'गजरा'मधील नाट्यछटा आणि प्रहसने, सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी उभी केलेली चि. वि. जोशी यांची चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी, ही त्या काळची मानचिन्हे होत. त्यांचा दर्जा निर्विवाद आहे. चिमणरावाचा विनोद स्वतःवर उलटणारा, मध्यमवर्गाच्या भित्रेपणाला हसणारा असल्यामुळे तो अवमानाच्या कसोटीवर आजही उतरतो. परंतु त्याची निर्दोषता काही अंशी त्याच्या परिघाच्या मर्यादेतून आली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या घरात एकाच थरातील माणसे बोलतात, त्या घरात परक्याचा अवमान होण्याचे प्रसंग थोडे येतात. त्या घराबाहेरची मराठी नोकर, भाजीवाली, हवालदार यांच्या रूपाने क्षणभर दारात यायची, हशा मिळवायची आणि परत जायची.

१९९१नंतर उपग्रहवाहिन्या आल्या आणि १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली, तेव्हा हे दार सताड उघडले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'सारख्या मालिकेने जुनी सौम्य परंपरा चालवली, परंतु पुढील काळात विनोदाचे प्रमुख रूप स्पर्धा आणि प्रहसनमालिका हे झाले. 'हास्यसम्राट', 'फू बाई फू', २०१४पासूनचे 'चला हवा येऊ द्या', २०१८पासूनचे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हे कार्यक्रम तमाशातील बतावणी, एकांकिका स्पर्धा आणि लोकनाट्य यांच्या मिश्रणातून घडले. त्यांनी कोकण, मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथील नटांना आणि बोलींना मुंबईच्या चित्रीकरणगृहात आणले. मध्यमवर्गीय प्रमाण मराठीची या माध्यमातील मक्तेदारी त्यामुळे संपली. या घटनेचे लोकशाहीच्या दृष्टीने असलेले मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण याच टप्प्यावर जाडेपणा, काळा वर्ण, तोतरेपणा, पुरुषाचे बायकी वागणे, पत्नीचे माहेर यांवरील शेऱ्यांची रेलचेलही झाली. अश्लीलतेचे निकष सैल झाले आणि अवमानाचे निकष अद्याप घडायचे होते, अशा मधल्या पोकळीत हा विनोद फोफावला.

४

अवमानाच्या कसोटीविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो : ही संवेदनशीलता पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात झालेली आहे, आणि मराठी माणूस पूर्वी मोकळेपणाने हसत असे. इतिहास या आक्षेपाला दुजोरा देत नाही. जानेवारी १९३८मध्ये मुंबई विधिमंडळात एका विधेयकातील 'हरिजन' या शब्दाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला आणि सरकार ऐकत नाही असे पाहून सभात्याग केला. हा शब्द शिवी नव्हती. गांधीजींनी तो गौरवार्थ योजला होता, आणि १९३४पासून ते वर्ध्यात व १९३६पासून पुढे सेवाग्राम म्हणून ओळखल्या गेलेल्या शेगावात राहत असताना तो देशभर रूढ झाला. तरीही ज्यांच्यासाठी तो योजला गेला त्यांनी तो नाकारला. या सभात्यागामागचे तत्त्व असे सांगता येईल की, शब्दाचा हेतू वक्त्याजवळ असेल, परंतु त्याचा परिणाम कोणता हे सांगण्याचा अधिकार ज्याला उद्देशून तो वापरला जातो त्याचा आहे. १९८२ साली केंद्र शासनाने जातीच्या दाखल्यांवर हा शब्द लिहू नये अशा सूचना दिल्या. शासकीय व्यवहाराला ते तत्त्व मान्य करायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

यानंतरचा प्रवास कायद्याच्या वाटेने झाला. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी जातिवाचक अवमान हा गुन्हा ठरवला. २००८ साली स्वरनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले की, जातीचे नाव म्हणून कोशात असलेला शब्ददेखील हिणवण्याच्या हेतूने उच्चारला तर तो अपमानच ठरतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने विनोदाच्या संदर्भात एक मौलिक भेद केला : विकलांगतेचा अनुभव समजून घ्यायला मदत करणारा विनोद एक, आणि विकलांग व्यक्तीला अधिक पंगू करणारा विनोद दुसरा. न्यायालयाने विषय वर्ज्य केला नाही. विनोदाची दिशा तपासायला सांगितली.

साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर दोषाचे स्थान पदातून संबंधात गेले. मम्मटाचा ग्राम्यदोष पदाचा होता आणि अश्लीलदोष पद व श्रोता यांच्यामधला. अवमानदोष मात्र वक्ता, लक्ष्य आणि श्रोता या तिघांत घडतो. म्हणून तो शब्दांच्या यादीने पकडता येत नाही. वाहिन्यांच्या व्यवहारात मात्र यादीचीच पद्धत प्रबळ झाली आहे. जातींची नावे गाळली जातात, काही विशेषणे बदलली जातात, पात्राच्या आडनावाबाबत खबरदारी घेतली जाते. एवढे झाले की संहिता निर्दोष मानली जाते. शब्द गेला तरी हास्याची रचना तशीच राहू शकते, या शक्यतेकडे लक्ष जात नाही.

५

ही शक्यता कशी प्रत्यक्षात येते, हे पाहण्यासाठी दृष्टिकोनाचे ठिकाण बदलावे लागेल. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याऐवजी वर्धा-नागपूर रस्त्यावरील, सेलू तालुक्यातील केळझरसारख्या गावातील श्रोता कल्पावा. टेकडीवरच्या गणपतीसाठी आणि पांडवांच्या एकचक्रानगरीच्या आख्यायिकेसाठी विदर्भात परिचित असलेले हे गाव आहे. ग्रिअर्सनने १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांची जी नोंद केली, त्या भाषापट्ट्यात ते येते. 'ळ'चा 'य' होणे (डोळा-डोया, शाळा-शाया), 'मला-तुला'ऐवजी 'मले-तुले', 'का'ऐवजी 'काऊन', चालू क्रियेसाठी 'करून रायलो', मुलासाठी 'पोट्टा', समवयस्काला हाक मारताना 'बे' ही या पट्ट्यातील सर्वपरिचित लक्षणे होत. या बोलीत केवळ हसण्याच्या गोष्टी बोलल्या जातात असे नाही. कर्ज, पेरणी, आजारपण, लग्न, मरण या सर्व गोष्टी तिच्यातच बोलल्या जातात. उद्धव शेळके यांच्या 'धग'ने १९६० सालीच दाखवून दिले होते की, एका स्त्रीच्या आयुष्याची होरपळ या बोलीच्या आधारे किती गंभीरपणे उभी करता येते.

दूरचित्रवाणीवर या बोलीचे काय होते? प्रथम तिच्यातून दोनचार लक्षणे वेचली जातात, बहुधा 'बे', 'पोट्टे', 'काऊन' आणि 'रायलो'. ही लक्षणे प्रमाण मराठीच्या वाक्यावर टाचली जातात आणि तयार होते ती कुणाचीच नसलेली एक रंगमंचीय बोली. दुसरे असे की, शब्दांची सामाजिक किंमत बदलते. केळझरकडे 'बे' हे समवयस्कांतील जवळिकीचे संबोधन आहे. ते वडीलधाऱ्यांना वापरीत नाहीत, आणि भांडणात स्वर बदलला की तेच धारदार होते. 'पोट्टी' म्हणजे मुलगी, त्यात तुच्छता असतेच असे नाही. पुण्याच्या कानाला मात्र 'बे' उर्मट वाटतो आणि 'पोट्टी' असभ्य. दूरचित्रवाणीवरील हशा या दुसऱ्या कानाला धरून लिहिला जातो. बोलीतील नात्यांचे सूक्ष्म व्याकरण पुसले जाते आणि उरतो तो एक मोकाट, मठ्ठ किंवा बेरकी गावकरी. तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे. त्याच वाहिनीवर, त्याच संध्याकाळी, ज्या कौटुंबिक मालिकांत माणसे प्रेम करतात, रडतात, निर्णय घेतात, तिथे ती बहुतांशी प्रमाण मराठीत बोलतात. मालिका खेड्यात घडत असली तरी ते खेडे बहुधा पश्चिम महाराष्ट्रातले असते. वर्ध्याच्या बोलीला विनोदात जागा आहे, शोकात फारशी नाही.

मम्मटाने 'कर्पूरमंजरी'च्या विदूषकाला दिलेला परवाना तो हाच. ग्राम्य पद विदूषकाच्या तोंडी गुण ठरते. सहस्रकभराच्या अंतराने नाव बदलले, रीत बदलली नाही. आणि ही रीत अवमानाच्या कोणत्याही यादीत सापडत नाही, कारण यात एकही निषिद्ध शब्द नाही. विशेष असे की, केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ यांतील सहाव्या नियमात, अश्लीलता आणि धर्मनिंदा यांच्याबरोबरच, विशिष्ट वांशिक, भाषिक व प्रादेशिक समूहांच्या चित्रणात निंदाव्यंजक, उपरोधिक आणि तुच्छतादर्शक वृत्ती प्रकट करणाऱ्या शब्दांना व दृश्यांना मनाई आहे. नियम करणाऱ्यांना भाषिक तुच्छतेची कल्पना तीन दशकांपूर्वीच होती. अश्लीलतेवरून आणि धर्मभावनेवरून वाद पेटतात, तसे या तरतुदीवरून क्वचितच पेटतात. ज्यांची बोली हसण्यावारी नेली जाते त्यांना तो अवमान आहे हे सांगायलाही ती बोली गंभीरपणे ऐकणारा व्यासपीठावर नसतो, हे याचे एक कारण असावे.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात आणि ते दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की, ही बोली दूरचित्रवाणीवर बोलणारे नट स्वतः विदर्भाचे आहेत आणि विदर्भातील प्रेक्षक त्यांच्यावर लोभ करतात. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीने या बोलीला राज्यभर ओळख दिली, हे खरे आहे. आपला शब्द पडद्यावर ऐकण्याचा आनंद हा खोटा आनंद नव्हे. शंकर बडे यांच्यासारख्या कवींनी वऱ्हाडी विनोदी कथन गावोगावी नेले, तेव्हा श्रोते पोट धरून हसले, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. परंतु या दोन हास्यांतील भेद भरताच्याच परिभाषेत सांगता येतो. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणे ते परस्थ, असा हास्याचा द्विविध विचार नाट्यशास्त्रात आहे. त्याचा किंचित विस्तार करून असे म्हणता येईल की, बडे यांच्या श्रोतृवर्गात हसणारा आणि ज्याला हसले जाते तो एकच होता. तो स्वतःकडे पाहत होता, आणि विनोदाच्या पाठोपाठ येणारी कारुण्याची ओळही त्याला तितकीच कळत होती. दूरचित्रवाणीवर हसणारा आणि हास्याचा विषय यांची फारकत होते. नट तोच, शब्द तोच, तरी श्रोता बदलल्यामुळे हास्याची जात बदलते. याचा दोष नटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याला विनोदाखेरीज दुसरे दार उघडे नाही, तो विनोदाच्याच दाराने आत येणार.

श्रोता बदलल्याने अर्थ बदलतो, याचे पुरावे परदेशी अनुभवातही आहेत. 'टिल डेथ अस डू पार्ट' या १९६५च्या ब्रिटिश मालिकेत वर्णद्वेष्ट्या आल्फ गार्नेटची टर उडवणे हा लेखकाचा हेतू होता, तरी अनेक प्रेक्षकांनी त्याला आपलाच प्रवक्ता मानले. तिच्या धर्तीवर निघालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकन मालिकेचा विडमार आणि रोकीच यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच सांगतो : पूर्वग्रह बाळगणारे आणि न बाळगणारे दोघेही ती आवडीने पाहत, मात्र पूर्वग्रह बाळगणाऱ्यांना आर्ची बंकरचेच म्हणणे पटत असे. जून २०२० मध्ये 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेतील १९७५चा एक भाग काही दिवस काढून घेतला गेला आणि इशाऱ्याच्या पाटीसह परत ठेवला गेला. हास्याचे लक्ष्य वर्णवाचक शब्द उच्चारणारा मेजर आहे, त्या शब्दांचे विषय झालेले लोक नव्हेत, हा जॉन क्लीझ यांचा युक्तिवाद संहितेच्या पातळीवर बिनतोड आहे. परंतु तो शब्द ज्याच्या पाठीवर आयुष्यभर पडला त्या श्रोत्याला संहितेचा हेतू पुरेसा असतो का, हा १९३८च्या सभात्यागातला प्रश्न तिथेही शिल्लक राहतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. भाषेच्या शुद्धीकरणाची प्रत्येक मोहीम अखेर खालच्या थरातील कलांवरच कोसळते, असा तो आक्षेप होय. याला आधार आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे ती उठवली. त्या काळात उच्चभ्रू नाटकातील शृंगाराला तशी झळ पोहोचली नाही. वर्धा जिल्हा १९५६पर्यंत मध्यप्रांतात व नंतर मध्यप्रदेशात असल्यामुळे तेथील खडी गंमत आणि दंडार यांना त्या बंदीची कक्षा लागू नव्हती. खडी गंमतीत शाहीर उभ्याने गातो, पुरुष स्त्रीवेष घेऊन नाचतो, आणि विनोद उघडावागडा असतो. अश्लीलतेच्या निकषावर तिच्यातील कितीतरी भाग आज बाद होईल. अवमानाच्या निकषावर मात्र तिचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे प्रेक्षक अंगणात बसलेला असतो. गमतीतला शेरा पाटलावर, सावकारावर, शेजाऱ्यावर पडतो आणि तो त्याच रात्री, त्याच भाषेत उलटवता येतो. सवाल असतो तिथे जवाब असतो. दूरचित्रवाणीने खडी गंमतीचा आणि तमाशाचा सवाल उचलला, स्त्रीवेषातील पुरुष उचलला, द्व्यर्थ उचलला. जवाब मात्र गावातच राहिला. ज्याच्यावर शेरा पडला तो तृतीयपंथी, ती स्थूल स्त्री, तो वऱ्हाडी माणूस पडद्याच्या या बाजूला बसलेला आहे आणि त्याचे उत्तर कुणाला ऐकू जात नाही.

म्हणून अश्लीलतेचा निकष आणि अवमानाचा निकष यांची गल्लत होऊ न देणे, ही समीक्षेची पहिली जबाबदारी ठरते. पहिला निकष इतिहासात बहुधा वरून खाली वापरला गेला, आणि बहुजनांच्या कला हे त्याचे सोपे भक्ष्य होते. दुसरा निकष खालून वर उठलेला आहे. १९३८चा सभात्याग आणि दलित साहित्य हे त्याचे मराठी उगम होत. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट' या कार्यक्रमावरून उठलेल्या वादळात या दोन निकषांची सरमिसळ झालेली दिसली. आईवडिलांविषयीच्या एका बीभत्स प्रश्नाने आधी सर्व अवकाश व्यापला. विकलांगांच्या टवाळीचा मुद्दा न्यायालयापुढे आला तो नंतर आणि तुलनेने कमी गाजावाजात. लाज वाटली ती लगेच वाटली. इजा मात्र उशिरा मोजली गेली.

७

या विवेचनातून दूरचित्रवाणीवरील विनोदासाठी नवी निषिद्धसूची निघत नाही. निघते ती प्रश्नांची एक साखळी, आणि ती साहित्यसमीक्षेच्या आवाक्यातली आहे. एखाद्या कार्यक्रमातील बोली केवळ विनोदी पात्रांना दिली आहे की निर्णय घेणाऱ्या पात्रांनाही? बोलीची लक्षणे नात्यांच्या व्याकरणासह आली आहेत की केवळ ध्वनीची टाचणी म्हणून? ज्याच्यावर शेरा मारला जातो त्याला प्रहसनाच्या पुढच्या वळणावर उत्तर देण्याची संधी संहितेत आहे का? हास्य संपल्यावर पात्राविषयी श्रोत्याच्या मनात काय उरते? हे प्रश्न शब्दगणनेने सुटत नाहीत. ते पात्ररचना, निवेदन आणि संवादविन्यास यांच्या विश्लेषणाने सुटतात, आणि हे विश्लेषण करण्याची साधने मराठी समीक्षेजवळ आहेत.

त्यासाठी दोन कामे तातडीची आहेत. दूरचित्रवाणीवरील प्रहसनांच्या संहिता आणि चित्रफिती अभ्यासकांना उपलब्ध होतील अशा रीतीने जतन होणे, हे पहिले. आज या विनोदाचा इतिहास बहुतांशी स्मरणावर अवलंबून आहे. खडी गंमत आणि दंडार यांच्या जुन्या शाहिरांकडून सवाल-जवाबांचे पाठ त्यांच्याच उच्चारात नोंदवून घेणे, हे दुसरे. ही नोंद केवळ लोककलेच्या जतनासाठी नको आहे. बोलीत विनोद कसा होतो, तो कुणावर होतो आणि त्याला उत्तर कसे दिले जाते, याची देशी मोजपट्टी तिच्यातून मिळेल.

यात पणाला लागलेली गोष्ट सभ्यतेपेक्षा मोठी आहे. शाळेत पाऊल टाकणारे वर्धा जिल्ह्यातील मूल आपल्या आजीच्या तोंडची भाषा पाठ्यपुस्तकात क्वचितच पाहते आणि बातम्यांत ऐकत नाही. ती त्याला ऐकू येते ती हशाच्या ध्वनिफितीसह. पुढे 'मले' म्हणावे की 'मला' म्हणावे, हे ते व्याकरणाच्या पुस्तकावरून ठरवील, त्यापेक्षा कोणत्या शब्दाला लोक हसतात यावरून अधिक ठरवील. एकाही अपशब्दाचा उच्चार न होता एक भाषा तिच्या बोलणाऱ्याच्या तोंडातून काढून घेतली जाऊ शकते. आक्षेपार्ह भाषेची चर्चा या मुलापर्यंत पोहोचेपर्यंत ती पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.